काळा रंग खरोखर किती काळा? : विमानाची प्रतिकृति रंगविणारांसाठीं एक पाठ

विद्यार्थिमित्रांनो, हा पाठ वाचावयास आरंभ करण्यापूर्वीं घरांतील चार वस्तु एका ठिकाणीं आणून ठेवा : एक जुनी छत्री, पोळ्यांचा लोखंडी तवा, एक पाटी आणि सायकलीचा झिजलेला टायर. या वस्तूंचा रंग कोणता, असें कोणीं विचारल्यास आपण क्षणाचाहि विचार न करितां ‘काळा’ असें उत्तर देऊं. आतां त्याच वस्तु खिडकीजवळ उजेडांत शेजारीं शेजारीं मांडून पुन्हां पाहा. छत्रीचें कापड उन्हानें विटून तपकिरी झालें आहे. तव्याचा मधला भाग तेलानें तुकतुकीत असून त्याचे कांठ राखाडी आहेत. पाटीवर खडूची पुसट पांढुरकी झांक आहे. टायर तर धुळीनें मातकट दिसतो. म्हणजे चार निरनिराळ्या रंगांस आपण एकच नांव देत होतों, आणि नांव ठाऊक असल्यामुळें वस्तूकडे पाहण्याची आपणांस गरजच वाटली नव्हती.

हीच चूक आमच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत एकदां घडली, आणि ती विद्यार्थ्याची नसून शिकविणारांची होती, हें आम्ही प्रथमच कबूल करितों. इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें तीन महिने खपून लायसँडर नांवाच्या विमानाची प्रतिकृति तयार केली. हें विमान रात्रीं उडणारें व म्हणून सर्वांगीं काळें. कोणता रंग द्यावा असें त्यानें विचारिलें, तेव्हां “काळें विमान काळेंच रंगवावयाचें; त्यांत विचार तो काय करावयाचा?” असें आम्हीं सांगितलें. त्यानें बाटलींतील काळाभोर रंग तसाच्या तसा फांसला. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत ती प्रतिकृति मांडली, तेव्हां एका लहान मुलानें आपल्या आईस विचारिलें, “आई, हें विमान जळून गेलें आहे काय?” त्या प्रश्नांत थट्टा नव्हती. बारीक तारांची शिडी, पंखांतील फासळ्या, इंजिनावरील आवरणाच्या कडा, हें तीन महिन्यांचें सारें काम त्या काळ्या रंगाखालीं नाहींसें झालें होतें. दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी प्रतिकृति घेऊन आला व म्हणाला, “सर, यावर रुपेरी रंग देऊन टाकतों, निदान कांहीं दिसेल तरी.” त्याला आम्हीं थांबविलें. पुढील दोन शनिवारीं त्याच्या शेजारीं बसून आम्ही जें शिकलों, तेंच येथें सांगणार आहों.

काळ्या वस्तूचा आकार कां दिसत नाहीं?

कोणत्याहि वस्तूचा आकार आपणांस छायाप्रकाशामुळें कळतो. पांढरा चेंडू उजेडांत ठेवला, तर त्याची एक बाजू उजळ, मधला भाग मंद व पलीकडील बाजू सांवळी दिसते. या क्रमावरूनच चेंडू वाटोळा आहे असें डोळा ठरवितो. काळ्या रंगाची गोष्ट निराळी. साधा काळा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा पांचाच्या आसपास एवढाच भाग परत पाठवितो. त्यावर सावली पडली तरी ती दिसावी कशी? सावलीहून ती वस्तु अगोदरच काळी असते. म्हणून काळ्या वस्तूंत आकार दाखवावयाचा, तर अधिक काळ्याकडे जाण्यास वाव नसतो. जो वाव आहे तो उजळ बाजूकडेच. ही एक गोष्ट ध्यानांत धरिली म्हणजे पुढील सर्व कृति आपोआप समजतात.

आणखी एक भेद आहे. खरें लायसँडर मोकळ्या आकाशाखालीं उभें असे. त्याचे पंख या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ५० फूट. एवढ्या मोठ्या पृष्ठावर आकाशाचा उजेड पसरे, आणि प्रत्येक वळणावर त्याची निळसर झांक येई. आपली प्रतिकृति ४८ पट लहान, म्हणजे पंख अवघे साडेबारा इंच, आणि ती खोलींतल्या एका दिव्याखालीं ठेवलेली. तिच्यावर आकाश नाहीं. तेव्हां आकाशानें जें फुकट दिलें असतें, तें आपणांस कुंचल्यानें द्यावें लागतें. यांत लबाडी नाहीं. खऱ्या विमानाकडे पाहतांना जें दिसलें असतें तेंच आपण दाखवीत असतों.

लायसँडर आणि चांदण्या रात्री

ज्याची प्रतिकृति करावयाची त्याची हकीकत ठाऊक असली पाहिजे. नाहीं तर कोणता भाग कां झिजला, कोठें चिखल लागला, हें कसें कळणार? वेस्टलंड कंपनीचें लायसँडर हें विमान १५ जून १९३६ रोजीं प्रथम उडालें. सैन्यास टेहळणीच्या कामीं साह्य करावें, हा त्याचा मूळ हेतु. आपल्या देशाशींहि त्याचा संबंध आहे : १९४२ सालीं ब्रह्मदेशांतील लढाईंत भारतीय विमानदलाच्या पहिल्या तुकडीनें, करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखालीं, हींच विमानें चालविलीं.

परंतु काळ्या रंगाचें लायसँडर तें निराळ्या कामाचें. १९४० पासून फ्रान्सचा मोठा भाग जर्मन सैन्याच्या ताब्यांत होता. तेथें गुप्तपणें काम करणाऱ्या माणसांना इंग्लंडमधून नेऊन पोहोंचवावयाचें व परत आणावयाचें, हें काम या विमानांकडे आलें. तें पौर्णिमेच्या मागच्यापुढच्या रात्रीं चाले, कारण वैमानिकास नद्या व रस्ते ओळखण्यास चांदणें हवें असे. खालीं शेतांत किंवा कुरणांत तीन विजेऱ्या ठराविक आकृतींत लावीत. तेवढ्या खुणेवर विमान उतरे, माणसें उतरत, दुसरीं चढत, आणि थोड्याच मिनिटांत विमान पुन्हां आकाशांत जाई. चढउतर झटकन व्हावी म्हणून डाव्या बाजूस एक शिडी कायमची बसविलेली असे, आणि लांबच्या प्रवासासाठीं पोटाखालीं पेट्रोलची मोठी टांकी जोडलेली असे.

आरंभीं यांतील कित्येक विमानें संपूर्ण काळीं रंगविलेलीं होतीं. रात्र काळी, म्हणून विमान काळें, हा हिशेब सोपा वाटतो. पण अनुभव निराळा आला. चांदण्यांत खालीं ढगांचा उजळ थर पसरलेला असला, म्हणजे वरून पाहणाऱ्या शत्रूच्या विमानास ती काळी आकृति स्पष्ट उठून दिसे. ह्यू व्हेरिटी या वैमानिकानें आपल्या आठवणींत हें नमूद केलें आहे. पुढें या विमानांच्या वरील भागास गडद हिरवा व करडा रंग देण्यांत आला, आणि खालील भाग तेवढा काळा ठेवण्यांत आला. मुलांनो, विचार करा : ज्यांचा जीव त्या रंगावर अवलंबून होता, त्यांनाहि ‘रात्र काळीच असते’ ही समजूत सोडून रात्रीकडे नव्यानें पाहावें लागलें. आपण तर टेबलावर बसून खेळणारे. आपणांस पाहण्याचा कंटाळा शोभत नाहीं.

रंग कसा द्यावा?

पहिली गोष्ट : बाटलींतील काळा रंग तसाच वापरूं नये. आठ भाग काळ्यांत एक भाग पांढरा मिसळावा. हा रंग ताटलींत करडा वाटतो आणि मनास भीति पडते. परंतु प्रतिकृतीवर चढल्यावर तो काळाच दिसतो. शुद्ध काळा रंग फटी, छिद्रें व खोल कोपरे यांसाठीं राखून ठेवावा. तोच आतां आपली सावली होय.

दुसरी गोष्ट : विमान एकाच पदार्थाचें नसतें, तर त्याचा काळा तरी एकच कसा असेल? लायसँडरच्या नाकाकडील भागावर धातूचा पत्रा आहे. तेथील मिश्रणांत निळ्याचा एक थेंब घालावा. शेंपटीकडील धड व पंख यांवर ताणलेलें कापड आहे. तेथें किंचित् तपकिरी घालून रंग मऊ करावा. चाकांचे टायर रबराचे. रबरास बळकटी यावी म्हणून त्यांत काजळी मिसळितात व त्यामुळें तें काळें होतें. परंतु वापरांत तें राखाडी होत जातें. म्हणून टायरास गडद करडा व तपकिरी यांचें मिश्रण द्यावें. इंजिनाच्या आवरणाच्या पुढील कडेस धुराडें वाटोळें फिरविलेलें आहे; तें तापून तापून तपकिरी-जांभळट होई. तें काळें रंगविणें ही चूकच. अशा रीतीनें एका काळ्याचे चारपांच काळे झाले, म्हणजे कोणती वस्तु कशाची हें न सांगतां कळूं लागतें.

तिसरी गोष्ट : मोठ्या सपाट भागांत रंगाचा चढउतार पाहिजे. मूळ मिश्रणांत थोडा अधिक पांढरा घालून तें पाण्यासारखें पातळ करावें, आणि पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर अनियमित ठिपक्यांनीं चढवावें. कडा मात्र तशाच गडद ठेवाव्या. एक थर पुरता वाळल्यावरच दुसरा द्यावा. हा फरक जवळून शोधला तर सांपडावा व दुरून नुसता जाणवावा, इतकाच असावा. पंखांच्या कापडाखालीं फासळ्या आहेत. तेथें कुंचला करड्या रंगांत बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा होईतों पुसून, मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. फासळ्या एकामागून एक वर येतांना पाहून जो आनंद होतो, तो सांगून कळणार नाहीं.

चवथी गोष्ट : पत्र्यांमधील सांधे. इतर रंगांच्या विमानांवर या रेषांत पातळ काळा रंग सोडतात. काळ्या विमानावर तो व्यर्थ होय. येथें उलट करावें : करडा व तपकिरी यांचा अतिशय पातळ रंग रेषेंत सोडून वरचा पुसून घ्यावा. खऱ्या विमानावर धूळ अशाच ठिकाणीं साचते.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला रंग लागतच नाहीं : ती म्हणजे तुकतुकी. काळा रंग रंगानें थोडा व चकाकीनें अधिक ओळखला जातो. तव्याचा मधला भाग व कांठ आठवा. या बाबतींतहि इतिहास बोधप्रद आहे. १९४० च्या सुमारास ब्रिटिश विमानदलानें रात्रीच्या बाँबफेकी विमानांस काजळीसारखा अतिशय निस्तेज काळा रंग देऊन पाहिला. तो खरबरीत असे व लवकर निघून जाई. उलट अमेरिकेंत १९४३ सालीं प्रयोग करून पाहतां असें आढळलें कीं, शोधदिव्याच्या झोतांत निस्तेज काळ्यापेक्षां चकचकीत काळें विमान दिसण्यास अधिक कठीण असतें. निस्तेज पृष्ठ प्रकाश सर्व बाजूंस विखुरतें, म्हणून त्यांतील कांहीं भाग खालीं पाहणाराच्या डोळ्यांत येतोच. तुकतुकीत पृष्ठ तो आरशाप्रमाणें एकाच दिशेस फेंकून देतें. म्हणूनच ‘ब्लॅक विडो’ हीं विमानें १९४४ पासून चकचकीत काळ्या रंगांत दिसूं लागलीं. आपण यावरून एवढेंच घ्यावें कीं, एकाच काळ्यावर निरनिराळी तुकतुकी दिल्यास डोळा त्यांस निरनिराळे पदार्थ समजतो. इंजिनाच्या आवरणास अर्धवट तुकतुकीचें व्हार्निश, कापडी भागास निस्तेज, टायरास पूर्ण निस्तेज, आणि तेल गळतें तेथें एखादा चकचकीत ओघळ. पंख्याच्या पात्यांची पाठ वैमानिकाच्या डोळ्यांवर चकाकूं नये म्हणून ती मुद्दाम निस्तेज काळी करीत. ती तशीच ठेवावी. पात्यांचीं टोंकें पिवळीं असत, चार इंच रुंद. आपल्या प्रमाणांत तो पट्टा केवळ दोन मिलिमीटर होतो. एवढा लहान पिवळा ठिपका साऱ्या काळ्या विमानास जिवंत करितो.

सहावी गोष्ट : झीज. येथें मऊ शिशाची साधी पेन्सिल रुपेरी रंगापेक्षां चांगली. शिडीच्या पायऱ्या, आवरणाच्या कडा, पात्यांची पुढची धार, जेथें माणसाचा हातपाय किंवा उडती खडी लागते, तेथेंच पेन्सिलीचें टोंक हलकेच घासावें. शिशाची चमक उघड्या पडलेल्या धातूसारखी दिसते. कापडी पंखांवर मात्र असे ओरखडे काढूं नयेत. कापड पत्र्यासारखें खरचटत नाहीं, हें ज्यास ठाऊक आहे तो पाहतांक्षणीं आपली चूक ओळखील.

सातवी गोष्ट : धूळ, धूर व चिखल. रंगीत खडू पॉलिशकागदावर घासून त्याची पूड करावी व मऊ कुंचल्यानें लावावी. हें विमान कुरणांत उतरे, म्हणून चाकांच्या आवरणांवर व पोटाखालीं मातकट पूड शोभते. पेट्रोलचा धूर काळाच असतो, असें समजूं नये. त्या काळच्या विमानांच्या पेट्रोलमध्यें शिसें घातलेलें असे. त्यामुळें धुराड्याच्या मागें पुष्कळदां फिकट राखाडी पट्टा उमटे. काळ्या विमानावर तो नेमका उठून दिसतो.

शेवटची गोष्ट : थांबणें. वरील प्रत्येक कृति गोड आहे आणि म्हणूनच प्रत्येकीचा अतिरेक होतो. प्रत्येक टप्प्यानंतर प्रतिकृति रात्रभर बाजूस ठेवावी व सकाळच्या उजेडांत हातभर अंतरावरून पाहावी. पहिल्यानें विमान दिसलें व मागाहून रंगकाम दिसलें, तर समजावें कीं काम साधलें. रंगकामच आधीं दिसलें, तर मूळ मिश्रणाचा एक पातळ थर सर्वांवरून द्यावा. आगाऊपणा त्याखालीं निमूट बसतो.

पालकांस दोन शब्द

या कामास महागड्या बाटल्यांची रांग लागत नाहीं. काळा, पांढरा, निळा, तपकिरी व चिमूटभर पिवळा, हे रंग, दोन प्रकारचें व्हार्निश, एक पेन्सिल व खडूचे तुकडे एवढ्यावर सर्व भागतें. लहान मुलांस पाण्यांत कालवावयाचे ॲक्रिलिक रंग द्यावे. एनॅमल रंग व ते पातळ करण्याचें द्रव्य वापरावयाचें असल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्या, जवळपास दिवा किंवा शेगडी नसावी, आणि वडील माणसानें समोर असावें. खडूची पूड फुंकून उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. मुलगा तासन् तास एका चाकाकडे पाहत बसला, तर तो वेळ फुकट जातो असें मानूं नये. पाहण्याची संवय ही सर्व अभ्यासाची पहिली पायरी होय.

आतां त्या प्रतिकृतीचें पुढें काय झालें तें सांगतों. पुढल्या वर्षींच्या प्रदर्शनांत ती पुन्हां मांडली. विमान तेंच, रंगहि काळाच. नवा भाग एकहि जोडला नव्हता. एका विद्यार्थ्याचे आजोबा पुष्कळ वेळ तिच्यापाशीं वांकून उभे राहिले आणि चष्मा पुसून म्हणाले, “या शिडीच्या पायऱ्या झिजल्या आहेत. कोणी तरी रोज चढउतर करीत असावें.”

प्रतिकृति करणारा विद्यार्थी शेजारींच उभा होता. तो म्हणाला, “रोज नव्हे, आजोबा, फक्त चांदण्या रात्रीं.” आणि त्यानें त्यांना तीं कुरणें, त्या तीन विजेऱ्या आणि त्या शिडीवरून चढणाऱ्या माणसांची हकीकत सांगावयास आरंभ केला. आदल्या वर्षीं त्याच विमानाविषयीं त्याला एकहि प्रश्न कोणीं विचारिला नव्हता. एक विचारिला गेला, तो जळण्याविषयींचा.

तेव्हां, मित्रांनो, पुढील खेपेस काळी वस्तु रंगवावयास घ्याल, तेव्हां बाटली उघडण्यापूर्वीं ती छत्री, तो तवा, ती पाटी व तो टायर पुन्हां एकदां खिडकींत मांडा. आणि रंगाचें नांव विसरून रंगाकडे पाहा.